जीव घाबरा होणे म्हणजे

सिग्नलच्या खांबाला टेकून एक म्हातारा उभा होता आणि त्याच्या पायाशी त्याचा केसाळ कुत्रा बसला होता. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. कुत्र्याची जीभ हातभर बाहेर, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. ती शाळेतून घरी निघाली होती, दप्तर एका खांद्यावर टाकून, मान जरा जास्तच ताठ ठेवून, कारण आजच्या वादविवादात तिने समोरच्या गटाची दाणादाण उडवली होती आणि तीही त्यांच्याच भाषेत, जी तिला तीन वर्षांपूर्वी, या देशात आली तेव्हा, ओ की ठो येत नव्हती. तिने कुत्र्याकडे पाहिलं आणि मनात, कुणी न बोलावता, आईच्या आवाजात एक वाक्य येऊन बसलं : बिचाऱ्याचा जीव घाबरा झालाय. सिग्नल हिरवा झाला. माणसं तिला वळसा घालून पुढे गेली. ती उभीच. कारण कुत्रा कशालाच घाबरलेला नव्हता. म्हाताऱ्याच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे डोळे लावून तो चक्क शेपूट हलवत होता. त्या तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता आणि जीव मात्र घाबरा झाला होता. मागच्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या त्या गार खोलीत आपण डॉक्टरांना काय सांगितलं, ते तिला शब्दन्‌शब्द आठवलं.

आई म्हणाली होती, "जिना चढले की जीव घाबरा होतो." आणि दोन भाषा दोन खिशांत घालून फिरणाऱ्या, बाबा जिला कौतुकाने दुभाषीबाई म्हणायचे अशा तिने, श्वासही न घेता डॉक्टरांना सांगितलं होतं : जिन्यावर हिला भीती वाटते.

डॉक्टर तरुण होते. पेन कानामागे अडकवायची त्यांना सवय होती आणि ते पेन पडलं की आईच वाकून उचलून द्यायची, तिच्या शिलाईच्या दुकानात टाचण्या उचलाव्यात तसं. "भीती?" ते म्हणाले. "कशाची भीती वाटते, विचारा ना त्यांना." तिने विचारलं, "आई, भीती कशाची वाटते म्हणतायत." आई बघतच राहिली. भीतीचा विषय कुठून निघाला हे तिला कळेना, पण डॉक्टर माणूस विचारतोय म्हणजे काही कारण असणार, आणि विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं एवढंच तिला माहीत. तिने पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सारखा करावा तसा हात फिरवला. "भीती म्हणजे... आता काय सांगू. ही पुढच्या वर्षी शिकायला बाहेर पडेल. हे तिकडे पुलाच्या कामावर, शनिवार-रविवार तेवढे येणार. मी त्या घरात बोलू कुणाशी? दार वाजलं तर मला 'कोण आहे' एवढं विचारता येतं. ते काय उत्तर देतील ते कुठे कळतंय." आणि मग खालमानेने, "तुला हे ऐकवायचं नव्हतं. त्यांना सांगू नकोस गं." पण दुभाष्याने सगळं सांगायचं असतं असं तिनेच ठरवलेलं होतं, तेव्हा तिने तेही सांगितलं, 'सांगू नकोस'सकट, छान स्वच्छ उच्चारांत. डॉक्टरांनी मान हलवली. नर्सने आईपुढे टिश्यूचा डबा धरला. आईने गोंधळून एक टिश्यू घेतला आणि रडू येत नव्हतं म्हणून नाक पुसलं.

छातीला तारा लावून काढलेली हृदयाची पट्टी निर्दोष होती. रक्त ठीक होतं. तासभर बाकावर बसून मग खाटेवर पडलेल्या बाईचं हृदय जितकं शहाण्यासारखं वागेल तितकं ते वागलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, मन थकलंय. जिन्याशी आलं की थांबायचं, डोळे मिटायचे, श्वास मोजायचा. जमलं तर एका समुपदेशक बाईंकडे जायचं. बसमध्ये आई म्हणाली, "डॉक्टर बाकी गोड. किती मायेनं विचारलं. घरातलं माणूसही विचारत नाही असं. पण जिन्याचं काही बोलले नाहीत गं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बोलले की. श्वास मोज म्हणाले." आणि तिला, खरं तर, अभिमान वाटत होता. एवढी अवघड भेट आपण एकटीने निभावली. बाबांना फोनवर तिने रंगवून सांगितलंसुद्धा. बाबा पलीकडून म्हणाले, "चला, हृदयाचं काही नाही ना, सुटलो."

आता म्हातारा आणि कुत्रा पलीकडे पोचलेही होते. सिग्नल पुन्हा लाल. तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. घाबरणं, घाबरा, घाबरगुंडी, ती शब्द उलटेपालटे करून बघत होती, एखाद्या डब्याचं झाकण कुठून उघडतं ते बघावं तसे. इथल्या भाषेत कसं सगळं सोपं होतं. माझं डोकं दुखतं. माझा पाय दुखतो. मालक मी, दुखणं माझं, विषय संपला. आईच्या बोलण्यात मात्र एकेक अवयव स्वतंत्र बिऱ्हाड करून राहायचा. डोकं उठायचं आणि कान बसायचे. घसा बसायचा तो वेगळाच. दात आंबायचे, कंबर धरायची, पाय बोलायला लागायचे आणि संध्याकाळी दुकानातून आल्यावर हात भरून यायचे. लहानपणी ती विचारायची, हात कशाने भरले, दाखव, आणि आई दोन्ही रिकामे पंजे पुढे करून हसायची. मग या सगळ्या गोतावळ्यात तो एक जीव. तो लागायचा, रमायचा, वर-खाली व्हायचा, कधी टांगणीला लागायचा, जी टांगणी तिने कधी पाहिली नव्हती. आजी गेल्याचा फोन आला तेव्हा तो तुटला होता. आणि जिना चढल्यावर तो घाबरा व्हायचा. तो. आई नव्हे. आई आपली बाजूला उभी, हातात दुकानातले कोट घेऊन, आपल्याच जीवाची ही तऱ्हा बघत. मी जीव गाळला, तिला वाटलं. अख्खा जीवच गाळला वाक्यातून आणि राहिलं ते आईच्या गळ्यात बांधलं.

फोन पुन्हा वाजून बंद झाला. ती धावायला लागली. धावताना तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. भेटीच्या आधी आई जिन्यावर दमली की थांबायची, कोट खाली ठेवायची, कुणालातरी हाक मारायची. आता हृदय उत्तम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे मुलीने सांगितलं होतं. म्हणजे आता आई थांबत नसणार. कालच ती जेवताना म्हणाली होती, "मनाचेच खेळ असतात गं. मी आता मुद्दाम चढते. भीती मोडायला." आणि आपण म्हणालो, शाब्बास. चांगली पाठ थोपटली होती तिची.

आईचं दुकान बाजारपेठेच्या इमारतीच्या तळघरात होतं. दुकान कसलं, लांबट खोली, कपडे आखूड-लांब करून देण्याची. तीन शिलाई यंत्रं, वाफेच्या इस्त्रीचा सुस्कारा, छताखाली ओळीने टांगलेले पायजमे आणि कोट, बिनडोक्याची माणसं रांगेत उभी असावीत तसे. इथे आईला भाषा लागत नसे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं, आई गुडघ्यावर बसून दातांत टाचण्या धरायची आणि कापड दुमडून वर बघायची. मान हलली की झालं. मालकीणबाईंच्या गळ्यात सदा मोजायची टेप, म्हणून मायलेकी आपसात त्यांना टेपबाई म्हणत. तयार कपडे वरच्या मजल्यावरच्या काउंटरला पोचवायचे असत आणि ते आई पोचवायची. ती धावत दारात पोचली तेव्हा आईच्या यंत्रावरचा दिवा चालू होता, सुईखाली अर्धी झालेली घडी होती, आईचा फोन यंत्रापाशी उजेड पाडून विझला होता आणि खुर्ची रिकामी होती. टेपबाईंनी न बोलता वरच्या जिन्याकडे बोट केलं.

आई वळणावरच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पाच-सहा कोट, प्लास्टिकच्या वेष्टनातले, आणि त्यावर तिचा चेहरा, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. वरचा ओठ घामाने चमकत होता. तळघरात गारवा होता.

"आई."

आईने एक बोट वर केलं. थांब. मग हळूहळू डोळे उघडले. "मोजत होते. तू मध्येच बोललीस, आता पहिल्यापासून."

"मोजू नको. ऊठ. म्हणजे उठू नको. बसून राहा."

"काय ते एक ठरव."

"आई, जीव घाबरा होतो म्हणजे काय होतं?"

"अगं," आई म्हणाली आणि थांबली, वाक्याला पुरेल एवढा श्वास आत जमवावा लागला, "जीव घाबरा होतो म्हणजे जीव घाबरा होतो. इथे." तिने छातीवर हात ठेवला नाही. गळ्याच्या खळगीपासून डाव्या खांद्यापर्यंत बोटं फिरवली, कापडावर खडूने रेघ ओढावी तशी. "आतून कुणीतरी मुठीत धरतं. मग धडधड. मग बसलं की सुटतं. तू सांगितलंस ना त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं तुला भीती वाटते."

आई तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "तरीच," आई एवढंच म्हणाली. "तरीच म्हटलं जिन्यावरनं गाडी एकदम तुझ्या शिक्षणावर कशी गेली." मग कोटांची वेष्टनं सारखी करत, "पण जे म्हणाले ते खोटं नव्हतं हां."

"माहितीये."

"ते तू ऐकायला नको होतंस."

"आई, चल हॉस्पिटलला."

"हे कोट पोचवून जाऊ."

टेपबाईंनी जिन्यावर येऊन कोट आईच्या हातातून जवळजवळ हिसकावले.

टॅक्सीत तिने वाक्यं जुळवली. वादविवादाची तयारी करायची तशी मुद्द्यांवर मुद्दे, आणि प्रत्येक मुद्दा हॉस्पिटलच्या काचेच्या दारापाशी येऊन वितळून गेला. स्वागतकक्षातली बाई म्हणाली की डॉक्टरांची पुढची वेळ महिन्याअखेरीस आहे. तिने तातडी, हक्क, जबाबदारी असले मोठमोठे शब्द काढून पाहिले. बाई सौजन्याने तेच वाक्य पुन्हा म्हणाली. आई मागे बाकावर बसली होती, अगदी शांत, रंग परत आलेला, दिसायला आजारी म्हणून शपथेवरही कुणी म्हटलं नसतं. तेव्हा तिचा आवाज चिरकला आणि ती एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. माझ्यामुळे त्यांना चुकीचं कळलंय." बाईने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला.

डॉक्टर व्हरांड्यातच भेटले, कानामागे पेन. "म्हणजे यांना भीती वाटत नाही?"

"वाटते. पण ती घरी. जिन्यावर वेगळं होतं."

"काय होतं?"

झालं. इथेच. त्या भाषेतल्या शब्दांची रांग तिच्यासमोर उभी राहिली आणि एकही पुढे येईना. जीव म्हणजे आयुष्य म्हणावं तर आयुष्य घाबरत नाही. श्वास म्हणावं तर अर्धंच. आत्मा म्हटलं तर डॉक्टर पुन्हा समुपदेशकाकडे धाडतील. तिने मूठ सांगितली, धडधड सांगितली, गळ्यापासून खांद्यापर्यंतची रेघ स्वतःच्या अंगावर ओढून दाखवली. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. पण त्यांच्या हातात मागची निर्दोष पट्टीही होती. "भीतीच्या झटक्यातही हे सगळं होतं," ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते, हेच तर भयंकर होतं. एकाच शरीराचे दोन्ही अर्थ लागत होते आणि पहिला अर्थ तिने लावून ठेवला होता.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "आमच्याबरोबर जिना चढा."

डॉक्टरांनी जरा विचार केला. मग आईच्या बोटाला नाडी दाखवणारा चिमटा लावला, नर्सला चाकाची खुर्ची घेऊन वर उभं केलं आणि म्हणाले, चला, एकच मजला, मी शेजारी आहे. आणि आई चढली. काय सुरेख चढली. परक्या माणसासमोर आपली आई कशी वागते हे तिला ठाऊक असायला हवं होतं : एकेक पायरी सावकाश, कठड्याला हात, चेहऱ्यावर पाहुण्यांना दाखवायचं हसू. वर पोचून तिने डॉक्टरांना मान लववली. चिमट्यावरचा आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरांनी तो आकडा तिच्याकडे वळवून दाखवला.

दोन पायऱ्या मागे उभी राहून ती काय मागत होती ते तिलाच उमगलं. ती मागत होती की आईला ते व्हावं. आत्ता, यांच्यासमोर. आपण बरोबर ठरावं म्हणून नाही, निदान फक्त त्यासाठी नाही, पण किती त्यासाठी आणि किती आईसाठी हे वेगळं करता येत नव्हतं. आणि झालं आणि सुटलंच नाही तर? बसल्यावर सुटतं, हे आजवरचं. तिने खाली पाहिलं. मग वर. मग खांद्यावरचं दप्तर उतरवलं.

"आई, पुन्हा. नेहमीसारखी. वर गिऱ्हाईक खोळंबलंय असं चढ. आणि हे धर."

"हे? यात काय दगड भरलेत?"

"धर ना."

आईने दप्तर दोन्ही हातांवर घेतलं, कोटांचा गठ्ठा घेतात तसं, आणि तिच्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात सगळं कळल्याची खूण होती. मग सगळे खाली उतरले आणि ती खरोखर चढायला लागली. कामावरच्या बाईसारखी, पाठ जरा वाकवून, भराभर. डॉक्टर शेजारून भराभर. वळणापर्यंत काही नाही. वळणानंतर आईचा वेग तोच राहिला पण पाऊल पायरीवर पडण्याआधी किंचित रेंगाळायला लागलं, शिवणयंत्राचा दोरा कुठेतरी अडकल्यावर सुई रेंगाळते तसं. दप्तर एका कुशीला घसरलं. हसू कधी गेलं कळलं नाही. ओठांभोवती राखाडी कड आली, डावा खांदा वर उचलला गेला, तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आलाच नाही. चिमट्यावरचे आकडे पळायला लागले, मध्येच एकदम पडले, पुन्हा पळाले.

"आत्ता," ती ओरडली नाही, कुजबुजली, "आत्ता जे होतंय ते. हा तो शब्द."

दप्तर गडगडत खाली गेलं. डॉक्टरांनी आईला पायरीवरच बसवलं, मनगट धरलं आणि वर नर्सला जे काही सांगितलं ते इतकं भराभर की तिलाही कळलं नाही. कानामागचं पेन पडलं. या वेळी ते उचलायला कुणी वाकलं नाही.

आता आई खाटेवर होती, छातीला तारा, जिभेखाली एक गोळी, आणि डोक्याजवळच्या पडद्यावर तिच्या जीवाची हिरवी रेघ. रेघ अजून मधूनमधून दचकत होती. टेपबाईंचा फोन येऊन गेला होता. बाबा निघाले होते. डॉक्टर तिच्याशी न बोलता आईकडे बघून बोलत होते आणि ती मधल्या जागेत उभी राहून सांगत होती, काही न गाळता, काही न घालता : हृदयाला रक्त नेणारी एक नळी कुठेतरी अरुंद झालेली असावी. आराम असताना पुरतं, काम पडलं की पुरत नाही. आज घरी जायचं नाही. उद्या सकाळी मनगटातून एक बारीक तार आत घालून बघतील, आणि लागलं तर तिथेच नळी रुंद करतील. तू जागी असशील. आई ऐकत होती. मनगट उलटं करून त्याकडे बघत होती. "इथून थेट तिथवर," ती म्हणाली. "बाई गं. मला तर नाडी ओवायला अर्धा तास लागतो." तिने तेही सांगितलं. डॉक्टर हसले.

मग आईने तिची बाही ओढली. "त्यांना विचार..." ती म्हणाली, आणि पडद्याकडे बघितलं, आणि पुढचं तोंडातच ठेवलं. "नको. राहू दे."

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

विचारलेलं सांगायचं असतं आणि हे तर विचारलेलंच नव्हतं, अर्ध्यात परत घेतलेलं. मागच्या वेळी परत घेतलेलंही तिने पोचवलं होतं. "त्या काही म्हणाल्या नाहीत," ती म्हणाली. "पण मला एक विचारायचंय. मला, त्यांना नव्हे." आणि तिने विचारलं. सोपं होतं वाक्य त्या भाषेत, शाळेच्या पहिल्या वर्षात शिकवतात तसलं, कर्ता, क्रियापद, संपलं. माझी आई वाचेल का. विचारताना स्वतःचाच आवाज तिला लहान वाटला, तीन वर्षांपूर्वीचा.

डॉक्टर उत्तर देऊ लागले. आई कधी त्यांच्या ओठांकडे, कधी तिच्या तोंडाकडे बघत होती. उत्तर संपलं तशी आईने विचारलं, "काय म्हणाले?"

पहिला शब्द गाळून सांगणं सहज शक्य होतं. छोटासा शब्द होता. आईच्या कधी लक्षात आलं नसतं. ती खाटेच्या कडेवर बसली, आईचं तारा नसलेलं मनगट हातात घेतलं आणि म्हणाली, "म्हणाले, बहुधा तू बरी होशील."

"बहुधा?"

"बहुधा."

आईने तो शब्द जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग मान हलवली.